आंघोळीच्या पाण्याचं मैदान

होळीच्या आधीच आमच्या शाळेच्या मैदानाला भेगा पडायच्या. जमीन पूर्णेच्या खोऱ्यातली, काळी. पावसात पाय घोट्यापर्यंत रुतणार आणि ऊन तापलं की हात आत जाईल एवढ्या चिरा. त्या वर्षी अशाच एका चिरेत आमच्या खो-खो संघाच्या कर्णधार मुलीचा पाय अडकला. खांबाला वळसा घालताना ती भरवेगात होती. मी शिट्टी तोंडात धरून दहा पावलांवर उभी. घोटा मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मी क्रीडाशिक्षिका. माहेर देऊळगाव राजाकडचं, नोकरी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जळगाव जामोदच्या बाजूच्या एका मोठ्या गावात. माझी बोली इथल्यापेक्षा वेगळी, जालन्याकडे झुकणारी, म्हणून सुरुवातीची काही वर्षं लोक मला ‘जालन्यावाल्या मॅडम’ म्हणायचे. नंतर माझं नाव आणखी बदललं, त्याचीच ही हकीगत.

त्या मुलीचे वडील शाळेच्या संचालक मंडळावर होते. गावात त्यांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. मुलीचा पाय प्लॅस्टरमध्ये घालून झाल्यावर ते थेट मैदानावर आले आणि चप्पल त्या चिरेत घालून म्हणाले, “मॅडम, हे मैदान हाये का वावर?”

“भाऊ, पाणी मिळालं तर मैदान होईल,” मी म्हणाले. “पाणी मारून, रोलर फिरवून माती बसवावी लागते. नुसत्या शिट्टीनं बसत नाही.”

“मंग मारा ना पाणी. नाही कोण म्हणते?”

नाही कुणीच म्हणत नव्हतं. पाणीच नव्हतं. आमचा हा खारपाण पट्टा. शाळेच्या बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं तर तोंड वाकडं होई. ते मैदानावर मारून मी एकदा पाहिलं होतं, आठवड्यात जमिनीवर पांढरा थर आला आणि उरलंसुरलं गवतही जळालं. नळ कधी यायचा ते नळालाच माहीत. माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापेक्षा जास्त जागा ड्रमांनी अडवलेली होती. तरी मी मुख्याध्यापक सरांकडे जाऊन टँकर मागितला.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, मुलींच्या पिण्याच्या टाकीत आज पाणी नाही. आणि तुम्ही मातीसाठी मागता?”

ते खरं बोलत होते. मला लाज वाटली. पण बाहेर पडल्यावर लाजेपेक्षा राग जास्त आला, कारण तो मोडलेला घोटाही खराच होता. मी मैदानाला एक चक्कर मारली. दुसरी मारली. राग आला की मी चालते, ही माझी जुनी सवय.

मैदानाच्या उत्तरेला भिंत आणि भिंतीपलीकडे आमच्याच संस्थेचं मुलींचं वसतिगृह. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या मुली तिथं राहून आमच्याच शाळेत शिकायच्या. त्यांच्यासाठी सरकारी टँकर रोज यायचा. न्हाणीघरांचं आणि धुण्याच्या दगडांवरचं पाणी एका पाइपातून भिंतीबाहेर पडायचं आणि नाल्याला मिळायचं. संडासाची लाइन वेगळी होती, ती मागच्या बाजूच्या बंद टाकीत जायची. हा पाइप मी रोज पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा थांबून पाहिला. सकाळी मुलींच्या आंघोळीच्या वेळी तो मनगटाएवढ्या धारेनं वाहत होता, आणि भिंतीच्या अलीकडे माझं मैदान चिरफाळलेलं पडलं होतं.

नाल्याच्या काठाला एका माळीण मावशींचं भाजीचं वावर होतं. वांगी, मिरची आणि बांधाला झेंडू. मावशी साठीच्या पुढच्या, बोलायला फटकळ. मी त्यांना विचारलं, “मावशी, तुम्ही हे पाणी वापरता?”

“झेंडूले देतो ना मी. दहा वर्सं झाली.” त्यांनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. “मेथी-पालकाले नाही देत. जे माणूस कच्चं खाते त्याले हे पाणी नाही दाखवायचं. फुलाले काय होते? फुल काई खात नाही कोणी.”

“आणि मैदानाला दिलं तर?”

“मैदान खाता काय तुमी?”

या एका प्रश्नावर माझं सगळं ठरलं.

मी मुख्याध्यापकांपुढे कागद ठेवला. वसतिगृहाचं न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी आधी जाळीच्या हौदात घ्यायचं, तिथं केस, साबणाचे तुकडे, गाळ अडकेल. मग ते दगड, गिट्टी आणि वाळूच्या चरातून न्यायचं, चरात कर्दळ लावायची. शेवटी एका टाकीत आणि टाकीतून मैदानावर. हे सगळं मी स्वतःच्या डोक्यातून काढलेलं नव्हतं, जिल्ह्याच्या प्रशिक्षणात एका सरांनी फळ्यावर काढलेलं चित्र माझ्या वहीत होतं.

सर म्हणाले, “करा. पण मी हे पाहिलं नाही असं समजा.”

“नाही सर. तुम्ही पाहिलंय. सही करा.”

मग त्यांनी कोपऱ्यात ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असं बारीक अक्षरात लिहिलं आणि सही केली. वसतिगृहाच्या गृहपाल बाईंनीही तेवढ्याच बारीक अक्षरात केली. मला तेवढं पुरलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं असताना आम्ही चर खोदला. आम्ही म्हणजे मी, शाळेचे शिपाईभाऊ आणि खो-खोच्या मुलींपैकी ज्यांना घरून यायला मिळालं त्या. गिट्टी गावातल्या एका चालू बांधकामावरून मागून आणली. कर्दळीचे कंद मावशींनी दिले. दिले म्हणजे, स्वतः येऊन लावले, कारण मी लावलेले त्यांना पसंत पडले नाहीत. “मॅडम, तुमी शिट्टी वाजवा,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

पावसाळा संपला, दिवाळी झाली, आणि मी पाणी सोडलं. पहिला प्रयत्न सपशेल फसला. हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत टाकी भरलेली तशीच राहिली होती. सुट्टीनंतर नळी उघडली तर असा वास सुटला की दहावीच्या वर्गाच्या खिडक्या बंद कराव्या लागल्या. डास झाले. महिन्याभरात मातीवर पुन्हा पांढुरका थर दिसायला लागला, आणि दोन मुलींच्या पोटऱ्यांना खाज सुटली. त्या दोघींना मी स्वतः दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि ते पाणी अंगाला लागू देऊ नका म्हणाले. मी त्याच दिवशी नळी बंद केली आणि दोघींच्या घरी जाऊन, चूक माझी आहे, असं सांगून आले.

स्टाफरूममध्ये तेव्हाच मला ‘गटारवाल्या मॅडम’ हे नाव पडलं. एका सहकाऱ्यांनी ते मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हटलं. मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, “हो, बोला. काय काम आहे?” त्यानंतर निदान तोंडावर तरी कुणी म्हटलं नाही.

मावशी आल्या, मैदानातली चिमूटभर माती त्यांनी बोटांत चोळली आणि म्हणाल्या, “साबण बसला जमिनीत. कपड्याचं पाणी बंद करा. आंघोळीचं तेवढं घ्या. अन् जिप्सम टाका, आमी वावरात टाकतो तसं. अन् वरून काऊन देता? खालून द्या, मुळाले.”

म्हणून सगळं पुन्हा केलं. टाकीत पाणी एका दिवसापेक्षा जास्त ठेवायचं नाही. भोकं पाडलेले पाइप वीतभर खोल पुरायचे, म्हणजे पाणी वर दिसणारच नाही. द्यायचं ते खेळ संपल्यावर, संध्याकाळी, सकाळपर्यंत माती वरून कोरडी. आणि कपड्यांचं पाणी वेगळं करायचं. त्यासाठी वसतिगृहाच्या मुलींनी कपडे मागच्या अंगणातल्या दगडांवर धुवावेत, असं मी गृहपाल बाईंना सांगितलं आणि बाईंनी मुलींना. मुलींना विचारायचं मला सुचलं नाही. तेव्हा ते खटकलंही नाही.

माघ सरला तरी मैदान फाटलं नाही. कडेनं हरळी धरली, आधी पोपटी, मग गडद. खो-खोच्या पट्ट्यात आम्ही गवत येऊ दिलं नाही, तिथली माती रोलरखाली बसली आणि पावलाखाली किंचित दबायला लागली. ती कर्णधार मुलगी प्लॅस्टर निघून बरी होऊन परत आली होती. तिनं पहिल्याच दिवशी खांबावर सूर मारला. आमच्या मुलींना मी सूर मारायला कधी शिकवलंच नव्हतं, दगडासारख्या त्या जमिनीवर कोण मारणार? ती पालथी पडली, कोपरं झटकून उठली आणि हसायला लागली. मग सगळ्याच मारायला लागल्या. त्या संध्याकाळी मी शिट्टी वाजवायची विसरले.

आठच दिवसांत पालकांची सभा बोलावली गेली. विषयपत्रिकेवर लिहिलं होतं, ‘मैदानावरील दूषित पाण्याबाबत’.

सभेला कर्णधार मुलीचे वडीलच बोलायला उभे राहिले. मला वाटलं होतं ते निदान गप्प तरी बसतील, मैदान पाहिजे म्हणणारे तेच होते. ते म्हणाले, “आमच्या पोरी गटारात लोळून राह्यल्या. माह्या पोरीचा ड्रेस रोज मातीनं भरून येते घरी.”

मी म्हणाले, “भाऊ, हे गटार नाही. गाळलेलं पाणी आहे, जमिनीखालून जातं. खेळताना ते कुणाच्या अंगाला लागत नाही. दोघींना त्रास झाला तो आधीच्या पद्धतीनं, तो मी कबूल केला आणि पद्धत बदलली.”

“पण पाणी कोणाच्या आंगावरून येते, हे तरी सांगा ना सगळ्याईले!”

त्यांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती. वसतिगृहात कुणाच्या मुली राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी साबण, वास, खाज, डास या सगळ्यांची उत्तरं तयार करून आले होते. या प्रश्नाचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. तो कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला.

“मुलींच्या अंगावरून येतं,” मी म्हणाले. “याच शाळेत, तुमच्या मुलींच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलींच्या. तुमचा प्रश्न पाण्याबद्दल असेल तर उत्तर देते. त्या मुलींबद्दल असेल तर उत्तर देणार नाही. तो प्रश्नच मी घेत नाही.”

मागून कुणीतरी ओरडलं, “एवढं चांगलं हाये तं प्या ना एक गिलास!” लोक हसले.

“नाही पिणार,” मी म्हणाले. “ते पिण्याचं नाही, आणि आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. भाऊंच्या दुकानातलं औषध चांगलं आहे, पिकाला लागू पडतं. म्हणून ते पिऊन दाखवा, असं मी म्हणते का?”

यावर मात्र हसणाऱ्यांची बाजू बदलली. भाऊ खाली बसले. पण माणूस लोकांच्या हशात हरला की विसरत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कर्णधार मुलगी मैदानावर आली ती गणवेशातच, खेळाच्या ड्रेसमध्ये नाही.

“मॅडम, पप्पा नाही म्हणतात.”

“आणि तू?”

तिनं मान खाली घातली. खांबाला एकदा हात लावून गेली. त्या आठवड्यात तिच्यामागोमाग आणखी सात जणी गेल्या. माझ्याकडे चारजणी उरल्या. मैदान हिरवंगार आणि खेळायला कोणी नाही. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, आता तरी थांबवा. कोणासाठी चाललंय हे?” मी म्हणाले, “चौघींसाठी,” पण माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

जाळीचा हौद मी रोज दुपारच्या सुट्टीत स्वतः साफ करायचे. एके दिवशी मी केस काढत असताना भिंतीवरून आवाज आला. वसतिगृहातली आठवीतली एक मुलगी भिंतीवर कोपरं टेकून माझ्याकडे पाहत होती. काटक, कपाळावर आडवी जुनी खूण. वर्गात ती तोंड उघडत नाही, अशी तिची ख्याती होती.

“मॅडम, हे पाणी आमचंच हाये ना?”

“हो. तुमच्याच न्हाणीचं.”

“अन् कपडे धुवाले आमी मागं दगडावर जातो, उन्हात, ते बी या मैदानासाठीच ना?”

“हो.”

“मंग आमाले खेळाले काऊन नाही बोलवत?”

केसांचा गुंता हातात तसाच धरून मी उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी वसतिगृहातल्या एकाही मुलीला संघात घेतलेलं नव्हतं. कारण विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं, त्यांना पाचनंतर बाहेर सोडत नाहीत, आणि आमचा सराव पाचला सुरू होतो. हे कारण मला इतकं सरळ वाटत आलं होतं की मी ते कधी तपासलं नव्हतं. सभेत मी ताठ मानेनं ‘शेजारच्या बाकावरच्या मुली’ म्हणाले होते. खो-खोच्या रांगेत शेजारी त्यांना मीच कधी बसवलं नव्हतं. त्या भाऊंनी तोंडानं म्हटलं, मी न बोलता केलं. फरक फार नव्हता.

“चुकलं माझं,” मी तिला म्हणाले. “उद्या येशील?”

“बाई सोडणार नाहीत.”

“ते मी पाहते.”

मी तशीच, हात न धुता, गृहपाल बाईंकडे गेले. बाई वाईट नव्हत्या, पण नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकायला घाबरायच्या. म्हणाल्या, “पाचनंतर मुली बाहेर नाही, असा नियम आहे मॅडम.”

“कुठं लिहिलाय? दाखवा.”

त्यांनी फाइल काढली. मग दुसरी काढली. कपाटावरची धूळ खाणारीही काढली. जेवणाच्या वेळांचा नियम सापडला, पाहुण्यांचा सापडला, दिवे घालवण्याचा सापडला. पाचचा नियम कुठंच नव्हता. कुणीतरी कधीतरी म्हटलं होतं आणि तोच चालत आला होता. बाईंचाच चेहरा उतरला. “मी आले तेव्हापासून आहे,” एवढंच त्या म्हणाल्या.

“मग आजपासून नाही. मैदान भिंतीला लागून आहे. तुम्ही खिडकीतून पाहत बसा. जबाबदारी माझी, लिहून देते.” आणि मी तिथंच, त्यांच्याच टेबलावर, लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता वसतिगृहाच्या फाटकातून सतरा मुली आल्या. बहुतेक अनवाणी. मी बूट द्यायला गेले तर अर्ध्याजणींनी नको म्हटलं. त्या धावल्या तेव्हा माझ्याकडे उरलेल्या चौघी बघतच राहिल्या. वळणं घेताना त्यांचा तोल जात नव्हता. टेकड्यांच्या पायवाटांवर वाढलेल्या पोरी त्या, सपाट जमीन म्हणजे त्यांना खेळणंच. कपाळावर खूण असलेली ती मुलगी पाठलागाला उठली की समोरची कधी बाद झाली ते पंचालाही उशिरा कळेल, अशी. आपापसात त्या त्यांच्या घरच्या भाषेत बोलायच्या. आधी आमच्या चौघींना ते समजेना, मग महिनाभरात त्यांनीच निम्मे शब्द उचलले आणि ‘खो’ सोडून बाकी सगळं त्या भाषेत सुरू झालं. प्रतिस्पर्ध्यांना डावपेच कळू नयेत म्हणून ते सोयीचंच होतं.

पुढच्या हिवाळ्यात तालुक्याच्या स्पर्धा आमच्या शाळेत घ्यायचं ठरलं. तालुक्यात न फाटलेलं मैदान आमचंच, हे त्याचं कारण. भाऊंसह सगळं मंडळ उत्साहात. मांडव, झेंडे, स्वागताची कमान. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, एक विनंती. पाण्याचं कुणाला सांगू नका. विचारलं तर विहिरीचं म्हणा.”

“आपल्याकडे विहीर नाही सर.”

“बोअरचं म्हणा मग.”

“त्यानं गवत जळतं, हे तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे.” मी उभी राहिले. “सर, टाकीच्या तोटीला एखाद्या लेकरानं तोंड लावलं तर? लपवायचं म्हटलं की पाटी लावता येत नाही. आणि पाटी लावायलाच पाहिजे.”

“वाद नको आहे मला.”

“मलाही नको आहे. म्हणूनच पाटी.”

मी पत्रा आणला, निळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत स्वतः लिहिलं: ‘हे मैदान वसतिगृहातील मुलींच्या आंघोळीच्या गाळलेल्या पाण्यावर जगले आहे. हे पाणी पिऊ नये, अंगाला लावू नये.’ पाटी टाकीवर लावली. मग विचार केला आणि तशीच दुसरी लिहून कमानीजवळ लावली, येणाऱ्याला आधी दिसेल अशी.

स्पर्धेच्या सकाळी एका संघाचे शिक्षक पाटीपुढे थबकले. त्यांनी आपल्या मुलींना बाजूला घेतलं आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, “आमच्या पोट्ट्या इथं नाही खेळणार.”

“ठीक आहे,” मी म्हणाले. “तुमचं नाव कापते. सामना समोरच्या संघाला बहाल.” आणि वहीत पेन टेकवलं.

त्यांना वाटलं होतं मी समजूत काढीन. मी काढली नाही. त्यांच्या मुली मात्र तोपर्यंत मैदानाच्या कडेला जाऊन पायानं माती दाबून पाहत होत्या. एकीनं गुडघे टेकले, हात टेकले आणि ओरडून म्हणाली, “सर, लय नरम हाये! पडलं तरी लागत नाही!” सर घुटमळले, मग म्हणाले, “असू द्या. खेळवा.” ते खेळले आणि आमच्याकडूनच हरले.

आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि तिथं एका गुणानं हरलो. शेवटच्या मिनिटाला आमच्या त्या कपाळावर खूण असलेल्या मुलीनं सूर मारला, बोटं समोरच्या मुलीच्या पाठीला लागली असं तिचं म्हणणं, नाही लागली असं पंचांचं. ती उठून पंचांपुढे उभी राहिली आणि, वर्गात तोंड न उघडणारी ती, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, “लागली. मले माहीत हाये लागली.” निकाल बदलला नाही. ती रडलीही नाही. मांडवाच्या मागच्या रांगेत कर्णधार मुलगी बसली होती. तिच्याकडे माझी नजर गेली तेव्हा ती टाळ्या वाजवत होती, वडील दोनच खुर्च्यांपलीकडे बसलेले असताना. ती पुन्हा संघात आली नाही. दहावीनंतर तिला शेगावला शिकायला पाठवलं. तिच्याबाबतीत मी हरले, आणि त्याची भरपाई कशानं झाली असं मी म्हणणार नाही.

स्पर्धेनंतर मला मंडळाचं पत्र आलं. संस्थेची प्रतिमा मलिन होईल अशी पाटी विनापरवानगी लावल्याबद्दल खुलासा करावा. मी चार ओळींचा खुलासा केला. पाटीवरचा कुठला शब्द खोटा आहे ते कळवावं, तो दुरुस्त करून पाटी परत लावीन, असं त्यात लिहिलं. त्यावर उत्तर आलं नाही. पाटी आजही आहे, रंग उडाला की मी पुन्हा भरते.

मावशी आता थकल्या आहेत, पण कर्दळ छाटायला अजून स्वतः येतात आणि मला खुरप्याला हात लावू देत नाहीत. मैदान टिकलं आहे. वसतिगृहातल्या मुली दरवर्षी संघात असतात, आणि त्या आता माझं सगळंच ऐकतात असं नाही.

याच वर्षीची गोष्ट. फाल्गुनात एके दिवशी संध्याकाळी मी मैदानाची नळी उघडली तर पाणी नाही. टाकी कोरडी. भिंतीपलीकडे गेले तर पाइपाचा कॉक बंद केलेला, वर तारेनं घट्ट बांधलेला, आणि पाणी पुन्हा नाल्याला चाललेलं. समोर वसतिगृहाच्या मुली ओळीनं उभ्या.

“हे कुणी केलं?” मी चढ्या आवाजात विचारलं.

“आमी,” एक म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या.

“कशासाठी?”

“न्हाणीच्या दारांना आतून कड्या नाहीत मॅडम. तीन दारं तं बिजागरीतून निघालेली हायेत. एक पोरगी आंघोळ करते अन् दोघी बाहेर दार धरून उभ्या राह्यतात. चार अर्ज दिले आमी. पाणी पायजे ना मैदानाले? मंग दारं द्या.”

मी रागावणार होते. दोन दिवसांत माती सुटायला लागते, परीक्षेनंतरचं शिबिर तोंडावर आलेलं. मी त्या न्हाणीघरांत कधी गेले नव्हते. मुलींनी मला आत नेलं. दारं त्या म्हणाल्या त्याहून वाईट होती. एकाला तर कडीच्या जागी ओढणीची गाठ.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तुमच्या मुली आहेत. त्यांना सांगा, कॉक उघडा म्हणावं.”

“मी सांगणार नाही,” मी म्हणाले.

तीन दिवस मैदानाला पाणी मिळालं नाही. खांबाजवळ बारीक रेघा दिसायला लागल्या. मी रोज त्या रेघा पाहून मुख्याध्यापकांच्या केबिनसमोरून जायचे. चौथ्या दिवशी दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलेले सुतार आले. संध्याकाळपर्यंत दहाही दारांना नव्या बिजागऱ्या आणि आतून लोखंडी कड्या बसल्या. मुलींनी एकेक दार लावून, कडी घालून, आतून ढकलून पाहिलं. सातव्या दाराची कडी नीट बसत नव्हती. त्यांनी सुतारांना जाऊ दिलं नाही, ती काढून पुन्हा बसवून घेतली, आणि मगच एकजण पक्कड घेऊन कॉकची तार सोडायला गेली.